‘ऑरोरा ली’ : निवेदनाचा काळ आणि कवयित्रीची घडण

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग (१८०६–१८६१) हिचे ‘ऑरोरा ली’ हे काव्य १८५६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. नऊ सर्ग आणि सुमारे ११,००० ओळी एवढा त्याचा विस्तार आहे. मिल्टनने महाकाव्यासाठी योजिलेला निर्यमक छंद येथे समकालीन लंडनमधील दिवाणखाने आणि दरिद्री वस्त्या यांच्या वर्णनासाठी वापरला आहे. कवीने गतयुगात न रमता स्वतःच्या युगाचे चित्रण करावे, हा पाचव्या सर्गातील विचार या योजनेच्या मुळाशी आहे.

कथानक थोडक्यात असे : फ्लॉरेन्समध्ये जन्मलेली ऑरोरा पोरकी होऊन इंग्लंडात आत्याकडे वाढते. विसाव्या वाढदिवशी ती स्वतःच्या मस्तकी आयव्हीच्या पानांची माळ घालते. त्याच दिवशी चुलतबंधू रॉम्नी तिला मागणी घालतो. मात्र स्त्रीच्या हातून श्रेष्ठ काव्य घडणार नाही, असे त्याचे मत असते. त्याला आपल्या समाजकार्यात सहकारिणी हवी आहे, हे ओळखून ती नकार देते आणि पुढे लंडनमध्ये लेखणीवर उपजीविका करते. अखेरीस अंध झालेला रॉम्नी आणि ती फ्लॉरेन्समध्ये एकत्र येतात.

या शेवटाविषयी वाद आहे. कलेपेक्षा प्रेम थोर, असे ऑरोरा अखेर मान्य करते. तर मग हा कलावंत स्त्रीचा पराभव समजावा काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना निवेदनाच्या काळाकडे लक्ष द्यावयास हवे. पहिले चार सर्ग, लेखिका म्हणून नाव झाल्यावर, गतायुष्याकडे वळून पाहत लिहिलेले आहेत. पाचव्या सर्गापासून मात्र घटना आणि लेखन यांतील अंतर कमी होत जाते आणि निवेदनास रोजनिशीचे स्वरूप येऊ लागते.

याचा परिणाम स्पष्ट दिसतो. रॉम्नी लेडी वॉल्डेमारशी विवाह करणार, ही वार्ता पाचव्या सर्गात ऑरोराच्या कानी येते. सहावा व सातवा सर्ग ती खरी मानूनच लिहिलेले आहेत. वार्ता खोटी होती, हे शेवटच्या भागात उघड होते. तरीही आधीचे लेखन ऑरोरा दुरुस्त करीत नाही. आपले रॉम्नीवर प्रेम नाही, अशी जी समजूत ती स्वतःची घालते, तीही तशीच राहू देते. अर्थात, आपल्या हाती असलेले काव्य हे सिद्ध मताचे प्रतिपादन नसून मत घडत असतानाची नोंद आहे.

या दृष्टीने पाहता शेवटचा कबुलीजबाब कलेचा त्याग ठरत नाही. उलट, तिचा ग्रंथ वाचून रॉम्नीच आठव्या सर्गात आपले जुने मत मागे घेतो, आणि लेखन पुढे चालू राहावे हीच त्या दोघांची अपेक्षा आहे. रॉम्नीला अंधत्व आल्यावरच ही समानता शक्य व्हावी, हा आक्षेप मात्र उरतोच. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’चे (१८४७) स्मरण येथे अपरिहार्य आहे.

१९७८ मध्ये कोरा कॅप्लन यांच्या प्रस्तावनेसह निघालेल्या आवृत्तीनंतर या काव्याच्या अभ्यासाला नवे बळ मिळाले. त्याचे वाचन करताना विद्यार्थ्याने ऑरोराच्या प्रत्येक ठाम विधानापाशी थांबून, ते लिहिताना तिला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे आधी निश्चित करावे. तसे न करता एखादे सुटे विधान कवयित्रीचा अंतिम सिद्धांत म्हणून उद्धृत करणे धोक्याचे होय.