शस्त्रक्रियेच्या वेळचा रक्तदाब



धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब तळाशी सर्वांत अधिक असतो, हे कोयनानगरच्या माणसाला सांगावयास नको. रक्तालाही हाच नियम लागू आहे.

जागा माणूस ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ असे सांगू शकतो. भूल दिलेला रोगी सांगू शकत नाही. भुलीच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात, शस्त्रक्रियेत रक्त जाते आणि दाब उतरतो. तो फार वेळ उतरलेला राहिला तर मूत्रपिंड, हृदय व मेंदू यांना इजा पोहोचू शकते. म्हणून रोग्याच्या वतीने यंत्राला बोलावे लागते.

इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून उंच चढले. हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाला. माणसासाठी दंडावर बांधावयाचा पट्टा इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ साली तयार केला. तो अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग यांनी १९०१ साली पाव्हिया येथे पाहिला आणि आपल्या शस्त्रक्रियागृहात नेला. १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालील धमनीचे आवाज नळीने ऐकण्याची रीत सांगितली. ही पहिली रीत स्वस्त व विश्वासार्ह आहे. पण दाब फार उतरला की आवाजच क्षीण होतात.

दुसरी रीत स्वयंचलित पट्ट्याची. हे यंत्र आवाज ऐकत नाही, धमनीचे कंप टिपते. त्यावरून ते सरासरी दाब ठरवते आणि वरचा व खालचा आकडा हिशेबाने काढते. सुई टोचावी लागत नाही, हा मोठा गुण. पण दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा फसवा वाढतो, आणि नाडी अनियमित असेल तर हिशेब चुकतो. शिवाय हा पट्टा साधारणतः तीन ते पाच मिनिटांनी फुगतो. मधल्या वेळात काय घडले, ते त्याला ठाऊक नसते.

तिसऱ्या रीतीत मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ती दाबमापकाला जोडतात. मग प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर उमटतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप धरणातील यंत्राने नोंदवला, कारण ते सदैव सज्ज होते. ठरावीक वेळी पाहणी करणाऱ्याला ते काही सेकंद सापडले नसते. या नळीचे महत्त्व तेच आहे. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लाट बोथट होते. दाबमापक हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला तर दाब सुमारे साडेसात मिलिमीटर अधिक दिसतो. टेबल वर केले आणि मापक तेथेच राहिला, तर असेच घडते. नळीत गुठळी होणे, जंतुसंसर्ग होणे, क्वचित हाताचा रक्तपुरवठा अडणे, हे धोकेही आहेत.

मग चांगली रीत कोणती? निरोगी माणसाच्या हर्नियासाठी स्वयंचलित पट्टा पुरेसा असतो. हृदयाची शस्त्रक्रिया, मोठा रक्तस्राव किंवा अत्यवस्थ रोगी असेल, तर धमनीतील नळी हवी. दाब फार उतरला असता पट्टा अनेकदा खऱ्याहून अधिक आकडा दाखवतो. म्हणजे नेमक्या संकटाच्या वेळी तो खोटा धीर देतो. दोन्हींत फरक पडला, तर जाणता भूलतज्ज्ञ सोयीचा आकडा निवडीत नाही. तो मापकाची उंची, नळीतील बुडबुडा आणि पट्ट्याचे माप तपासतो. शेवटी रोग्याच्या नाडीवर बोटही ठेवतो.

यात आपलाही वाटा आहे. ज्याचा नेहमीचा वरचा दाब १६० आहे, त्याला ११०चा आकडा कमी पडू शकतो. हे यंत्राला कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेला जाताना आपल्या रक्तदाबाच्या जुन्या नोंदी आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी, आणि कोणती गोळी घ्यावयाची व कोणती थांबवावयाची, हे भूलतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे.