धुराची परीक्षा

विंचूरला नाशिक–संभाजीनगर रस्त्यावरून लासलगावचा रस्ता फुटतो, तिथे कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेत अर्धा तास सहज जातो. अशाच एका रांगेत माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला. गॅरेजमधल्या पोराने स्कॅनर लावून सांगितले, “काका, ओ-टू सेन्सर गेला. कंपनीचा चार हजारांच्या पुढे जाईल. लोकल नऊशेत बसवतो, काम तेच करतो.” मी नऊशेचा बसवून घेतला. तीन आठवड्यांनी दिवा परत लागला. मग मात्र मी या वस्तूच्या मागे लागलो.

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत खुपसलेली अंगठ्याएवढी चिनीमातीसारखी टोपी. ती झिर्कोनियाची असते. बाहेरून तिला धूर लागतो, आत साधी हवा असते. सुमारे ३०० अंशांच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधला फरक व्होल्टेजच्या रूपात दिसतो. या पदार्थाचा हा गुण वॉल्टर नेर्न्स्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिव्यासाठी वापरला होता. गाडीत तो १९७६ साली आला, बॉशने बनवलेला, व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत. आपल्याकडे त्याला वाट पाहावी लागली, कारण पेट्रोलमधले शिसे त्याला विषासारखे मारते. शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते २०००च्या फेब्रुवारीत. (नाशिककरांना बॉश म्हणजे ‘मायको’, आणि मायको म्हणजे डिझेलचे नोझल. पेट्रोलच्या धुराशी आमची ओळख तशी उशिराची.)

एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली की सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, पेट्रोल जास्त झाले की ०.९च्या आसपास. इंजिनचा संगणक हे पाहून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे आकडा सतत वरखाली झुलतो. झुलणे हीच त्याची तब्येत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो याच अरुंद पट्ट्यात.

स्वस्त सेन्सर सहसा धडधडीत खोटे बोलत नाही, उशिरा बोलतो. प्लॅटिनमचा थर, त्यावरचे सच्छिद्र आवरण, आतला हीटर यांतली काटकसर डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती जोडणी. माझ्या गाडीत जुन्या सेन्सरचा कपलर कापून नव्याच्या तारांना पीळ देऊन वर टेप गुंडाळली होती. अनेक सेन्सरांत आतली हवा याच तारांच्या वेष्टनातून येते. म्हणून तिथे डाग देणे किंवा ग्रीस भरणे चुकीचे. योग्य स्लीव्हमध्ये दाबून जोडायचे असते.

पण खरी चूक आणखी मागे होती. स्कॅनरवर आलेला कोड होता पी ०१७१. त्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ’ एवढाच, ‘सेन्सर गेला’ असा नाही. भंगाराच्या डब्यातून मी जुना सेन्सर मागून घेतला. गॅसच्या बर्नरच्या ज्योतीत त्याचे टोक धरले, तर मल्टीमीटर ०.८च्या वर गेला आणि बाहेर काढताच झटकन खाली आला. नऊशेचाही चढला, पण रेंगाळत. म्हणजे मी चांगला सेन्सर काढून सुस्त बसवला होता! दोष निघाला मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये. तिथल्या फटीतून बाहेरची हवा धुरात शिरत होती. सेन्सरला ती दिसत होती, तो तेच सांगत होता, आणि संगणक उगीच पेट्रोल वाढवत होता. ॲव्हरेज पडले होते ते त्यामुळे.

म्हणून स्वस्त की अस्सल हा प्रश्न माझ्या मते दुसरा. आधी फट, स्पार्क प्लग, हवेची गळती आणि तारा तपासाव्यात. इंजिन ऑइल खात असेल, कूलंट आत झिरपत असेल किंवा कोणी सिलिकॉनची पेस्ट वारेमाप लावली असेल, तर महागडा सेन्सरही लवकर मरतो. सेन्सरच गेला असे ठरले, तर कन्व्हर्टरच्या आधीचा, म्हणजे पेट्रोल ठरवणारा, चांगलाच घ्यावा. त्यासाठी गाडीच्या कंपनीचाच खोका लागतो असे नाही. बॉश, डेन्सो, एनटीके हे मूळ सेन्सर बनवणारे, आणि त्यांचा माल त्यांच्याच नावाने वेगळाही मिळतो, पुष्कळदा स्वस्त. जुन्याच्या अंगावरचा क्रमांक जुळवून, खात्रीच्या दुकानातून घ्यावा. खोका नकली असू शकतो. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. जुन्या गाडीत तिथे एकवेळ काटकसर चालेल, पण दिवा लागला तर कुरकुर करू नये.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे हे आणखी महत्त्वाचे झाले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे किलोमागे हवा कमी लागते. सीएनजीला उलट सतराच्या आसपास. इंधन बदलले हे संगणकाला कळते ते मुख्यतः याच टोपीमुळे.

पॅकिंग बदलले, जुनाच सेन्सर परत बसवला, तारा या वेळी दाबून जोडल्या. दिवा विझला. नऊशेचा सेन्सर मी त्या पोराला देऊन टाकला. बर्नरवर धरून गिऱ्हाइकांना फरक दाखवायला त्याला हवा होता.