भिवंडीवरून जाणारी रेल्वे

भिवंडीच्या कारखान्यात लूम चालवणाऱ्या माणसाला विचारा, ठाण्याला कसा जातोस? तो एसटी, बस, शेअर रिक्षा अशी नावे घेईल. रेल्वेचे नाव त्याच्या तोंडी येणार नाही. शहराच्या दक्षिण टोकाला, अंजूरफाट्याजवळ, भिवंडी रोड नावाचे स्टेशन आहे आणि त्यावरून दिवसरात्र मालगाड्या धडधडत जातात, हे त्याला ठाऊक असते. पण ती गाडी आपली आहे असे त्याला वाटत नाही. असे का झाले याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि तो एकदा नीट सांगायला हवा.

पहिला अपघात रूळ पडण्याआधीच झाला. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला (जीआयपी) घाट चढायचे होते, एका अंगाने बोरघाट आणि दुसऱ्या अंगाने थळघाट. मग ठाण्याची खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराच्या कडेने कल्याण गाठणे हीच सोयीची वाट ठरली. भिवंडी उल्हास खाडीच्या पलीकडच्या तीरावर राहिली. तोवर भिवंडी म्हणजे जिते बंदर होते. भात, लाकूड, मीठ, मासळी यांचा व्यापार गलबतांवर चाले आणि भात सडणे हा गावाचा मोठा धंदा होता. कल्याण जंक्शन झाले. भिवंडीच्या नशिबी बैलगाडी आणि आग्रा रोड आला. पश्चिमेकडे बॉम्बे बरोडा रेल्वे १८६४ मध्ये वसईवरून गुजरातकडे गेली, तीही भिवंडीला वळसा घालूनच. दोन्ही बाजूंना रूळ आणि मधे गाव कोरडे, अशी स्थिती शंभराहून अधिक वर्षे टिकली.

हे अटळ होते असे मला वाटत नाही. बार्शीलाही जीआयपीने असेच बाजूला टाकले होते. मुख्य लाइन कुर्डुवाडीवरून गेली. पण बार्शीसाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने चिकाटी धरली आणि १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. पुढे ती लातूर-पंढरपूरपर्यंत वाढली. वऱ्हाडात कापसासाठी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी शकुंतला रेल्वे आली. गावाला माल असेल तर रूळ गावापर्यंत आणता येतात, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. भिवंडीचा कॅलथ्रॉप मात्र कोणी झाला नाही.

मधल्या काळात गाव बदलले. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या हातमागांच्या जागी १९३० च्या सुमारास यंत्रमाग आले. तेलंगणातून पद्मशाली आले. उत्तर प्रदेश-बिहारमधून तर लाटांवर लाटा आल्या. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला. गिरण्यांचे बरेच काम भिवंडीच्या मागांवर गेले. दिवसपाळी-रातपाळी खडखडाट सुरू झाला.

आणि त्याच ऐंशीच्या दशकात रूळ आले. वसई रोड ते दिवा, सुमारे बेचाळीस किलोमीटर. जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, मग खाडी ओलांडून कोपर आणि दिवा. पण ही लाइन भिवंडीच्या कापडासाठी टाकलेली नव्हती. गुजरातकडून दख्खनला आणि कोकणाकडे जाणारा माल मुंबईच्या गर्दीत न शिरता परस्पर वळवायचा होता. पश्चिम आणि मध्य रेल्वे जोडणारा तो मुंबईबाहेरचा दुवा होता. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि या दुव्याचे मोल कितीतरी वाढले. कंटेनर, कोळसा, पोलाद आणि राजस्थान-गुजरातहून केरळला निघालेल्या लांब पल्ल्याच्या गाड्या भिवंडीवरून जाऊ लागल्या. त्यातल्या बहुतेक न थांबताच. भिवंडीचे सूत कोइमतूरहून ट्रकने येत राहिले आणि कोरे कापड ट्रकनेच बालोत्रा-पालीला प्रक्रियेसाठी जात राहिले.

प्रवासी गाड्या नव्वदीच्या दशकात आल्या, त्याही मोजक्याच. जुचंद्र-कामणच्या भाजीवाल्या, दिवा-डोंबिवलीहून वसईच्या कारखान्यांत जाणारे कामगार आणि विद्यार्थी यांची त्यावर मदार आहे. एक गाडी चुकली की दीड-दोन तास प्लॅटफॉर्मवर बसायचे किंवा रिक्षाने हायवे गाठायचा. मालगाडीला वाट देण्यासाठी प्रवासी गाडी बाजूला उभी राहते तेव्हा आतली माणसे तक्रारही करत नाहीत. ही लाइन मालाची आहे, हे त्यांनी मान्य करून टाकले आहे. मला यातली ही निमूट मान्यताच सर्वांत जास्त खटकते.

जोडरेषेवरचा अपघात एका गावापुरता राहत नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला दुपारी पनवेलहून वसईकडे निघालेल्या मालगाडीचे चार डबे आणि ब्रेक व्हॅन कळंबोलीजवळ रुळांवरून घसरले. ही गाडी पुढे भिवंडी रोडवरूनच जायची होती. घसरले पाच डबे आणि अडकला अख्खा कोकण. गणपतीहून परतणारी माणसे तासन्‌तास गाड्यांत बसून राहिली, अन्नपाण्याचे हाल झाले आणि संतापलेले प्रवासी दिव्याला रुळांवर उतरले. दिवा तर अशा संतापाला सरावलेलेच आहे. २ जानेवारी २०१५ ला लोकल ठप्प झाल्यावर तिथे जाळपोळ झाली होती. त्याआधी, ४ मे २०१४ ला, दिव्याहूनच सुटलेली सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे-रोहा दरम्यान निडीजवळ घसरली आणि वीसच्या आसपास माणसे गेली. प्रत्येक दुर्घटनेचे कारण वेगळे, हे खरे. पण माल, लांब पल्ला आणि रोजचा प्रवासी असे तिघेही ज्या रुळांवर लोटले जातात, तिथे एका चुकीची किंमत फार मोठी होते, आणि ती बहुतेक वेळा पॅसेंजरमधला माणूस मोजतो.

भिवंडी रोड स्टेशनाला खरा चेहरा मिळाला तो २०२० मध्ये. टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली, खोल्यांची भाडी अंगावर आली. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात याच स्टेशनातून गोरखपूरसाठी श्रमिक गाडी सुटली. एरवी गावी जायला कुर्ला टर्मिनस नाहीतर कल्याण गाठणारी माणसे पहिल्यांदाच आपल्या शहराच्या स्टेशनात रांगेने बसली. तोंडाला रुमाल, पाठीवर गाठोडे, हातात वैद्यकीय तपासणीचा कागद. भिवंडीच्या मजुराला भिवंडीतून थेट गाडी मिळाली ती अशी, शहर सोडून जाण्यासाठी.

चारेक महिन्यांनी त्याच स्टेशनात दुसरी वर्दळ सुरू झाली. पूर्णा, काल्हेर, दापोडे, मानकोली इथल्या गोदामांतला ऑनलाइन खरेदीचा माल पार्सल गाड्यांनी थेट बंगालमधल्या सांकराईलला, गुवाहाटीजवळच्या आझऱ्याला, पाटण्याजवळच्या दानापूरला निघू लागला. ही गोदामे इथे उगवली ती जकातीमुळे. मुंबई-ठाण्याच्या नाक्यांबाहेर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत माल ठेवणे स्वस्त पडे. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली आणि फुगली. पार्सल गाडी लागली की ट्रक उलटे लावले जातात, हमालांची साखळी होते, बारकोड चिकटवलेली खोकी डब्याच्या छतापर्यंत रचली जातात. खोक्यात काय आहे ते उचलणाऱ्याला माहीत नसते. फक्त वजन कळते.

आता तालुक्यात रुळांची नुसती गर्दी होते आहे. दादरी ते न्हावा शेवा हा सुमारे पंधराशे किलोमीटरचा मालवाहतूक मार्ग खारबाववरूनच जातो, आणि त्याचा वैतरणा-न्हावा शेवा हा टप्पाच सर्वांत शेवटी रेंगाळला. बुलेट ट्रेनची ठाणे आगारासाठीची जमीन अंजूर-भरोडीची. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधले. ऑगस्ट २०२५ मध्ये याच मेट्रोच्या कामावरून पडलेली लोखंडी सळई रिक्षात बसलेल्या एका तरुणाच्या डोक्यात घुसली. कंत्राटदाराला दंड झाला. मेट्रो अजून धावलेली नव्हती आणि तिचा जखमी रुग्णालयात होता.

मालासाठी स्वतंत्र रूळ पूर्ण झाले की वसई-दिवा लाइनवर मोकळा वेळ निघेल. तो वेळ कोणाला द्यायचा, हे ठरण्याआधीच भिवंडीने मागणी लावून धरायला हवी. सकाळ-संध्याकाळ अर्ध्या तासाला एक गाडी, ठाणे-कल्याणकडे थेट जोड, स्टेशनापासून शहरात नेणारी बस आणि रात्रपाळी सुटल्यावरची एक फेरी. महापालिका, यंत्रमागधारकांच्या संघटना, गोदामवाले आणि कामगार संघटना यांनी एकत्र निवेदन द्यावे. आजवर प्रत्येकाने आपापले वेगळे दिले. वाचकांपैकी जे कोणी या मार्गाने जातात त्यांनी रिक्षा परवडत असली तरी तिकीट काढून गाडीने जावे. प्रवासी संख्या कमी आहे, हेच कारण पुढे करून फेऱ्या नाकारल्या जातात.