धार येते, मध्येच थांबते: होडीच्या इंजिनच्या पाण्याचं काय बिघडतं?

खाडीकाठच्या गावांत आता समूहांनी होडीचे व्यवसाय धरलेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका वल्ह्यांवर कांदळवन सफारी करतात. पण जिथे अंतर जास्त, तिथे मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन घेतलं जातं, तेही बहुतेक वेळा कर्ज काढून. गावभेटीत एक तक्रार नेहमी ऐकू येते: "मॅडम, पाण्याची धार येता नि मध्येच बंद होता. मेकॅनिक येता तेव्हा सगळा बरोबर!" अशी मधूनमधून येणारी तक्रार सगळ्यात वाईट. पूर्ण बंद पडलेलं इंजिन दुरुस्तीला जातं तरी, हे मात्र "चालतंय ना" म्हणत वापरलं जातं आणि एक दिवस भर ओहोटीत पर्यटकांसकट अडकवतं.

आधी धार म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिन गरम होतं, त्याला थंड करायला खाडीचंच पाणी वापरतात. पाण्यात बुडलेल्या पायाला बारीक जाळी असते, तिथून पाणी आत येतं. आत रबरी पंखांचं छोटं चाक असतं, इंपेलर. ते पाणी वर ढकलतं. पाणी इंजिनभोवती फिरून बरंचसं खालून धुराबरोबर निघून जातं आणि थोडंसं मागच्या छिद्रातून पिचकारीसारखं पडतं. ही पिचकारी म्हणजे इंजिनची नाडी. होडी हाकणाऱ्या ताईने दर दोन-चार मिनिटांनी मागे बघायची सवयच लावून घ्यायची.

आता धार *कधी* थांबते, यावर सगळं आहे. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, नोंदी ठेवणं, इथे कामाला येतं. होडीत एक वही ठेवा आणि धार थांबली की लिहा: भरती होती की ओहोटी, वेग किती, माणसं कुठे बसली होती, सुरू करून किती वेळ झाला होता. चार नोंदी झाल्या की निम्मं उत्तर वहीतच दिसतं.

हळू चालवताना धार बारीक आणि वेग वाढवला की चांगली, असं असेल तर इंपेलरवर संशय घ्यायचा. पंख झिजले किंवा एका बाजूला वाकून बसले की कमी वेगात ते पाणी नीट ढकलू शकत नाहीत. उलट, हळू चालवताना ठीक आणि वेगात किंवा लाटांत धार तुटते, तर जाळीतून हवा आत जात असावी. इंजिन फळीवर जास्त उंच बसवलेलं असतं, नाहीतर फोटो काढायला सगळे पाहुणे पुढे जाऊन बसतात आणि होडीची मागची बाजू उचलली जाते. यात बिघडलेलं काहीच नसतं, माणसं नीट बसवली की झालं. (पाहुण्यांना सांगायची लाज वाटते म्हणतात. सांगायचं!)

धार अचानक गेली, इंजिन बंद करून पाहिलं तर काहीच नाही, परत सुरू केलं तर छान, हा बहुतेक वेळा प्लास्टिक पिशवीचा खेळ. पाणी ओढताना पिशवी जाळीला चिकटते, इंजिन बंद केलं की सुटून वाहून जाते. म्हणून पाय वर उचलून लगेच बघावं. ओहोटीला उथळ पाण्यातच त्रास होत असेल तर गाळ. गाळाने जाळी भरते, शिवाय रेती इंपेलरचे पंख घासून टाकते.

कधी पाणी आत व्यवस्थित फिरत असतं, पण पिचकारीचं छिद्रच मिठाने किंवा रेतीने बुजलेलं असतं. इंजिन बंद करून जाड मासेमारीची तंगूस छिद्रात हलकेच घालून फिरवा. टोकदार तारेने जोरात खुपसू नका. आणि थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप मिठाने अडकते, कधी उघडते कधी नाही. मेकॅनिकने ती काढली की पातेल्यातल्या पाण्यात टाकून तापवायला सांगा. पाणी उकळायच्या बरंच आधी ती उघडताना डोळ्यांना दिसली पाहिजे.

पाण्यात असताना धार थांबली तर? वेग लगेच कमी करा. प्रवाह ओढत असेल तर आधी नांगर टाका, मग इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. थंड होऊ द्या, जाळी बघा, छिद्र बघा. सुरू करून मिनिटभरात धार आली नाही तर पुन्हा बंद, आणि वल्ही काढा. म्हणूनच इंजिन असलं तरी वल्ही, नांगर आणि प्रत्येकीला लाइफ जॅकेट हवंच.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुणं, हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. पिंपात पाय बुडवून, पाणी जाळीच्या चांगलं वीतभर वर ठेवून दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा. गिअर न्यूट्रलमध्ये, पदर खोचलेला, केस बांधलेले. पंखा फिरतो तिथे हात नको. आणि कोरड्यावर "फक्त सुरू होतंय का बघू" असं कधीच नाही. पाण्याशिवाय थोडा वेळ फिरला तरी इंपेलरचं रबर जळतं.

इंपेलर पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे, नाहीतर निदान वर्षातून एकदा बदला. हा खर्च वार्षिक आराखड्यात आधीच धरून ठेवा, कारण इंजिनचं डोकं उघडायची वेळ आली तर हप्तेच थकतात. बदलताना समूहातल्या दोघींनी शेजारी बसून बघायचं आणि जुना इंपेलर मागून घ्यायचा. पंख मोजा. एखादा तुटलेला असेल तर त्याचा तुकडा आत कुठेतरी अडकलेला असणार. तो सापडेपर्यंत नवा इंपेलर बसवूनही धार अशीच येत-जात राहील. तुकडा हातात मिळाल्याशिवाय मेकॅनिकचे पैसे चुकते करू नका.