सारक्कीचं तळं

बेंगळुरूत बनशंकरीच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यालगत सारक्कीचं तळं आहे. विस्तार सुमारे ८२ एकर. सारक्की, जरगनहळ्ळी, पुट्टेनहळ्ळी ही भोवतालची मूळ गावं. आज ती महानगरात विरघळली असली, तरी फलकांवर टिकून आहेत.

बारमाही मोठी नदी नसलेल्या बेंगळुरूत पाणी साठायचं ते बांध घातलेल्या अशा तळ्यांत. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात. वरचं तळं भरलं की सांडव्यावरून निघालेलं पाणी ‘राजकालुवे’ या मुख्य नाल्याने खालच्या तळ्यात जाई. बांधातल्या मोरीतून शेतीला पाणी सोडायचं काम ‘नीरगंटी’कडे असे. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव पाहिलेल्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून नळाला आलं, शेतं संपली आणि तळ्याचा धनी कोणी उरला नाही. मग सांडपाणी आलं, पाठोपाठ इमारती. एप्रिल २०१५ मध्ये प्रशासनाने सारक्कीच्या हद्दीतली बांधकामं पाडली, तेव्हा पैसे मोजून घर घेतलेलेच रस्त्यावर आले. या भागात घर बघत असाल, तर दलालाआधी गावाचा जुना महसुली नकाशा पाहा.