भाषांतरित कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती

भाषांतर हें उसनें वाङ्मय. मग त्याच्या जीर्ण प्रती जपावयाच्या कशाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मराठी कादंबरीचें बालपण याच उसन्या वाङ्मयांत गेलें आहे. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघाली. तिच्या सोळा वर्षें आधीं, १८४१ मध्यें, हरि केशवजी यांनीं बन्यनच्या रूपककथेचें ‘यात्रिकक्रमण’ हें भाषांतर प्रसिद्ध केलें होतें. पुढें कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी गोष्टी मराठींत आणिल्या. जॉन्सनचा ‘रासेलस’ त्यांनीं आरंभिला आणि पुत्र विष्णुशास्त्री यांनीं तडीस नेला. दीर्घ कथा मराठी गद्यांत सांगावी कशी, याचे धडे आपल्या भाषेनें येथें गिरविले.

हे धडे मूळ रूपांत पहावयाचे तर पहिलीच आवृत्ति पाहिजे. १९६२ च्या नियमांनंतर छापलेल्या प्रतींत जुने अनुस्वार बहुधा गळलेले असतात. कित्येकदां भाषांतरकाराची प्रस्तावनाहि गाळली जाते. आणि आपण मूळ ग्रंथांतलें काय ठेविलें व काय सोडिलें, हें तो तेथेंच सांगत असतो.

पहिली प्रत ओळखावी कशी? प्रथम नांवाचें पान पहावें. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांतील पुस्तकावर मुद्रकाचें नांव व छापण्याचें ठिकाण देणें आवश्यक झालें. नुसता शक दिला असल्यास त्यांत ७८ मिळवावे. वर्षाचे अखेरचे महिने असल्यास ७९. शके १७९५ म्हणजे इसवी सन १८७३ किंवा १८७४. मग शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’शीं ताडून पहावें, तींत १८०० ते १९३७ पर्यंतच्या ग्रंथांची नोंद आहे.

रूपांतरांच्या बाबतींत अधिक सावध असावें. धनुर्धारींचे ‘वाईकर भटजी’ पूर्ण मराठी वेषांत वावरतात. पण त्यांचें मूळ गोल्डस्मिथच्या पाद्रीबोवांत आहे. केवळ नांवावरून संग्रह करणाऱ्याच्या हातून असें पुस्तक सहज निसटतें.

आमचा जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मुंबई-पुण्याकडे छापलेलीं पुस्तकें इकडे विकत, भेट किंवा लेकी-सुनांच्या पेटींतून येत. म्हणून अशी प्रत ग्रंथालयाच्या कपाटाइतकीच माळ्यावरच्या ट्रंकेंतहि मिळण्याचा संभव असतो. वाळवी, कसर आणि ओल हे तिचे शत्रु खरेच. परंतु नवी बांधणी करतांना कडा छाटणारा व जुनें वेष्टन फेकून देणारा बाइंडर कमी घातक नव्हे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. कांहीं वर्षांनीं तिचा पिवळा डाग अक्षरांवर उतरतो. प्रत कोऱ्या कागदांत गुंडाळून, भिंतीपासून दूर, कोरड्या जागीं ठेवावी.

दिवाळीच्या झाडलोटींत जुनीं पुस्तकें रद्दीच्या तराजूंत जातात. तीं देण्यापूर्वीं प्रत्येकाचें नांवाचें पान उघडून पहावें, आणि घरीं ठेवणें अशक्य असेल तर जवळच्या ग्रंथालयास दाखवावें. भाव शेरावर ठरो वा किलोवर. एकुलती एक उरलेली प्रत गेली म्हणजे ती कोणत्याहि भावानें परत मिळत नाहीं.