वजनाचा कांटा अडतो तेव्हां

बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हें गांव आहे. जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळें या गांवाचें नांव जिल्ह्याबाहेरही माहीत झालें. पुढें तो कारखाना बंद पडला. अशा गांवांतल्या ओसरीवर लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची चर्चा निघावी, हें पंचवीस वर्षांपूर्वीं कोणास खरें वाटलें नसतें. आज मात्र जालन्यावरून छत्रपति संभाजीनगर, किंवा तालुक्यांतूनच गेलेल्या समृद्धि महामार्गानें नागपूर, असा प्रवास करून जठराची शस्त्रक्रिया करून घेणें ही कांहीं अघटित गोष्ट राहिलेली नाहीं. शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साहाय्यानें होते, रोगी थोड्याच दिवसांत घरीं येतो, आणि खरा प्रश्न तेथून पुढें सुरू होतो. शस्त्रवैद्य दूरच्या शहरांत राहतो. जवळ राहतात तीं घरचीं माणसें, स्वयंपाकघर आणि वजनाचा कांटा.

पहिल्या महिन्यांत कांटा भराभर उतरतो आणि घरांत आनंदीआनंद होतो. चौथ्या-पांचव्या महिन्यांत तो एखाद्या आंकड्यावर येऊन बसतो तो दोन-तीन आठवडे हलत नाहीं. मग, एवढा खर्च केला, एवढा जीव धोक्यांत घातला, आणि शेवटीं निष्पन्न काय, असा सूर उमटूं लागतो. घरांतील वडील माणूस असेल तर हा सूर त्याच्या पाठीमागें निघतो. सून असेल तर तिला तो समोरच ऐकावा लागतो. ती बिचारी मग ताटांतली अर्धी भाकरीही परत करते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या परत केलेल्या भाकरीविषयीं आहे.

प्रथम या शस्त्रक्रियेनें काय होतें आणि काय होत नाहीं, हें समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, शस्त्रवैद्य पोटावरील चरबी कापून काढतो. तसें कांहींएक होत नाहीं. चरबी होती तेवढीच राहते. बदलतें तें जठर. अमेरिकेंतील आयोवा विश्वविद्यालयांत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं जठराचा मोठा भाग वगळून अन्नाला आडवाटेनें आंतड्यांत नेण्याची जी रीति काढली, तिचीच सुधारलेली आवृत्ति म्हणजे आजची ‘बायपास’. दुसरी रीति अलीकडची व सध्यां अधिक रूढ. तींत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग कायमचा काढून टाकतात व उरलेलें जठर केळ्यासारखी अरुंद नळी होऊन राहतें. तिला ‘स्लीव्ह’ म्हणतात. काढलेल्या भागाबरोबर भूक चेतविणारा एक अंतःस्राव निर्माण करणारी जागाही बरीचशी जाते. १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं शोधून काढलेला, घ्रेलिन नांवाचा तो हा स्राव. म्हणजे घांस कमी मावतो एवढेंच नव्हे, तर भूकही कांहीं काळ मंदावते. चरबी मात्र शरीरानेंच, रोजच्या रोज, स्वतःच्या खर्चासाठीं मोडून खावयाची असते. शस्त्रवैद्यानें फक्त मिळकत कमी केली. शिल्लक संपण्यास लागावयाचा तो काळ लागणारच.

येथें थोडा हिशेब केल्यावांचून गत्यंतर नाहीं. समजा, एका बाईंचें वजन शस्त्रक्रियेच्या वेळीं ११२ किलो होतें आणि त्यांच्या देहाचा रोजचा खर्च २१०० उष्मांक होता. पहिल्या कांहीं आठवड्यांत पातळ पदार्थांवर जेमतेम ६०० उष्मांक पोटांत जातात. रोजची तूट १५०० उष्मांकांची. एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७७०० उष्मांक. त्या मानानें आठवड्याला पावणेदीड किलोच्या आसपास चरबी जाईल. प्रत्यक्षांत कांटा याहून जास्त उतरलेला दिसतो, कारण यकृतांत व स्नायूंत साठविलेली साखर आधीं संपते, आणि त्या साखरेच्या प्रत्येक भागाबरोबर सुमारें तिप्पट पाणी बांधलेलें असतें. तें पाणी निघून जातें. पहिल्या पंधरवड्यांतील आनंदाचा बराचसा भाग असा पाण्याचा असतो.

पांच महिन्यांनीं त्याच बाईंचें वजन ८८ किलो झालें आहे. देह लहान झाला म्हणून खर्चही उतरून १७०० वर आला. खाणें वाढून ९५० वर गेलें, आणि तें तसें जाणेंच योग्य होतें. तूट राहिली ७५० उष्मांकांची. आठवड्याला दोन-तृतीयांश किलो. आतां हें ध्यानांत घ्यावें कीं, जेवणांतील मीठ, मासिक ऋतु, शौचास साफ न होणें किंवा उन्हांतून आल्यावर प्यालेलें पाणी, एवढ्यानें कांटा सहज एक-दोन किलो वरखालीं होतो. दोन आठवड्यांत खरोखर सव्वा किलो चरबी गेली असली, तरी तेवढेंच पाणी अंगांत थांबलें असेल तर कांटा तसूभरही हलणार नाहीं. चरबी जात असते, पण ती दिसत नाहीं.

शिवाय देह हा मोठा काटकसरी प्राणी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा येथें डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनें चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवून पाहिलें. त्यांचें वजन सुमारें एक-चतुर्थांश घटलें. पण विश्रांतीच्या वेळचा देहाचा खर्च त्याहून अधिक प्रमाणांत उतरला. तरुण मंद झाले, थंडीनें कुडकुडूं लागले, अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना. मिळकत घटली कीं देह दिवा बारीक करतो. ताटांतली भाकरी परत करणाऱ्या सुनेनें, आणि ती परत करूं देणाऱ्या घरानें, हा प्रयोग अवश्य लक्षांत ठेवावा. कमी खाण्यानें अडलेला कांटा सुटेल, हा तर्क वरवर सरळ दिसतो. पण सहाशे उष्मांकांवर उतरलेल्या देहांत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि विश्रांतीच्या वेळींही स्नायू उष्णता खर्च करीत असतात.

मग किती खावें? शस्त्रवैद्य व आहारतज्ज्ञ सामान्यतः जें सांगतात तें असें: पहिल्या आठवड्यांत चारशे ते सहाशे उष्मांक, सहाव्या महिन्याच्या सुमारास आठशे ते हजार, आणि वर्षअखेर हजार ते चौदाशेपर्यंत, माणसाची उंची, वय व श्रम पाहून कमीअधिक. परंतु उष्मांकांच्या आंकड्यापेक्षां प्रथिनांचा आंकडा अधिक महत्त्वाचा. तो रोज साठ ग्रॅमच्या खालीं जाऊं नये. अंडीं-मांस न खाणाऱ्या घरांत हीच खरी अडचण आहे.

आपल्याकडील अन्नाचें मोजमाप कांहीं नवें नाहीं. कुन्नूर येथील संशोधनशाळेंतून डॉ. अ‍ॅक्रॉइड यांनीं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचें कोष्टक १९३७ सालींच प्रसिद्ध केलें. ती संस्था पुढें हैदराबादेस गेली व २०१७ सालीं तिनें नवें कोष्टक काढलें. अशा कोष्टकांच्या आधारें वऱ्हाडांतील एका शाकाहारी घराचा दिवस स्थूलमानानें मांडून पाहूं. गाईचें दूध एक पेला, म्हणजे दोनशे मिलिलिटर: प्रथिनें साडेसहा ग्रॅम, उष्मांक सव्वाशे. दीडशे ग्रॅम दहीं: पांच ग्रॅम, नव्वद उष्मांक. तुरीचें किंवा मुगाचें दाट वरण दोन वेळां, प्रत्येक वेळीं तीस ग्रॅम डाळीचें: चौदा ग्रॅम, दोनशे. पन्नास ग्रॅम पनीर: नऊ ग्रॅम, एकशें चाळीस. सोयाबीनच्या कोरड्या वड्या पंचवीस ग्रॅम: तेरा ग्रॅम, पंचाऐंशी. अर्धी ज्वारीची भाकरी: अडीच ग्रॅम, पंचाऐंशी. थोड्या तेलांतली भाजी: दोन ग्रॅम, ऐंशी. बेरीज बावन्न ग्रॅम प्रथिनें व आठशे पांच उष्मांक. दुधाचा आणखी एक पेला घेतला कीं अठ्ठावन्न-साठाच्या घरांत आपण पोंचतों, आणि उष्मांक अद्याप हजाराच्या आंतच असतात. डॉक्टर प्रथिनांची भुकटी घेण्यास सांगतात ती याच उणिवेसाठीं. ती पैलवानांची वस्तु आहे असें समजून सासूबाईंनीं तिला नाकें मुरडण्याचें कारण नाहीं.

सोयाबीनविषयीं एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. विदर्भाच्या शिवारांत खरिपाला डोळे जातील तेथवर सोयाबीनच दिसतें. तें पोत्यांतून बाजारांत जातें, त्याचें तेल निघतें, पेंड निघते; पण पिकविणाऱ्याच्या स्वयंपाकघरांत तें क्वचितच शिरतें. शेकडा चाळीस भाग प्रथिन असलेलें धान्य दाराशीं पिकत असतां आपण प्रथिनासाठीं शहराकडे पाहतों, याला काय म्हणावें!

जेवणाचा क्रमही पालटावा लागतो. वरण, दहीं, पनीर आधीं, भाजी त्यानंतर, भाकरी शेवटीं, जागा उरली तर. पाणी जेवतांना नको व त्यानंतर अर्धा तासही नको. एरव्हीं दिवसभर घोटघोट करून दीड लिटरपर्यंत. एकावेळीं पोटभर जेवतां येत नसल्यानें चार-पांच वेळां थोडें थोडें खावें लागतें. महाराष्ट्रांत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनदांच जेवण्याची जी पद्धति लोकप्रिय केली, ती ज्यांना मानवते त्यांनीं खुशाल पाळावी. परंतु ज्याचें जठरच वाटीएवढें उरलें त्याला दोन जेवणांत साठ ग्रॅम प्रथिनें बसवितां येणें कठीण आहे.

उपासाचा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार! साबुदाण्यांत प्रथिन जवळजवळ शून्य. वर तूप आणि दाण्याचें कूट. लहान वाटीभर खिचडींत दिवसाच्या उष्मांकांचा मोठा हिस्सा संपतो आणि जठरांत दुधालाही जागा राहत नाहीं. पहिल्या वर्षीं तरी उपास दूध, ताक व फळ यांवर आणून ठेवावा किंवा सरळ स्थगित करावा. आजाऱ्याला उपास माफ असतो ही आपल्याकडील जुनीच रीत आहे. ती या प्रसंगीं पाळण्यांत संकोच नसावा.

आतां दुसरी बाजू. कांटा महिन्याहून अधिक काळ हललाच नाहीं, तर न मोजलेलें खाणें कोठें आहे तें पाहावें लागतें. न्यूयॉर्कमध्यें १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, आम्ही फारच थोडें खातों तरी वजन उतरत नाहीं, असें सांगणाऱ्या दहा माणसांचें खाणें शास्त्रीय रीतीनें मोजलें. त्यांनीं सांगितलें होतें सरासरी १०२८ उष्मांक. प्रत्यक्षांत निघाले २०८१. तीं माणसें लबाड नव्हतीं. आपल्या एकत्र कुटुंबांत तर हें सहजच घडतें. भाजीचें मीठ पाहण्यासाठीं चमचाभर, नातवाच्या ताटांत उरलेला भात वाया जाऊं नये म्हणून दोन घांस, आलेल्या-गेलेल्याबरोबर साखरेचा चहा. असे चार चहा झाले कीं तीन-चारशे उष्मांक कोठल्याही घांसाशिवाय आंत गेले! पातळ आणि मऊ पदार्थांना लहान जठर अडवीत नाहीं. शेव, चिवडा, आमरस, श्रीखंड हे सरळ खालीं उतरतात. बायपास झालेल्यांना गोड खातांच घाम, धडधड व जुलाब होतात तो भाग निराळाच. म्हणून आठवडाभर सर्व लिहून ठेवावें, चमच्यानें व वजनानें. लिहिणाराला कोणीं टोमणे मारूं नयेत, नाहींतर वही खोटी होते आणि मग ती असून नसून सारखीच.

कांट्याविषयींची आपली अपेक्षा बिघडण्यास वृत्तपत्रेंही थोडींबहुत कारण झालीं आहेत. २०१७ सालीं इजिप्तमधील एका अतिस्थूल स्त्रीला मुंबईस सैफी रुग्णालयांत आणलें होतें. शस्त्रक्रियेच्या आधींच, नियंत्रित आहार व औषधोपचार यांनीं तिचें सुमारें शंभर किलो वजन उतरल्याच्या बातम्या आल्या, आणि घरोघर लोक किलो मोजूं लागले. पुढें त्याच वर्षीं सप्टेंबरांत अबूधाबी येथें तिचें निधन झालें. उतरलेल्या किलोंवरून रोग्याच्या प्रकृतीची खरी कल्पना येत नाहीं, हें त्या प्रकरणानंतर तरी कळावयास हवें होतें.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. यूडकिन यांचें एक छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचेंही तंतोतंत सारखें, निर्देशांक २२.३, पण यूडकिन यांच्या अंगांत चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२. आम्हां हिंदी लोकांचें दुखणें कांट्यावर पुरतें उमटत नाहीं, तसा आमचा सुधारही उमटत नाहीं. कमरेचा घेर, रक्तांतील साखर, रक्तदाब, जिना चढतांना लागणारा दम यांच्या नोंदी अधिक बोलक्या असतात. आणि एकूण यश किती मानावें? स्वीडनमध्यें १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासांत बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या दोन वर्षांत सरासरी शेकडा ३२ उतरलें होतें व दहा वर्षांनीं शेकडा २५ खालीं राहिलें होतें. शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या वजनांत फारसा फरक पडला नव्हता. थोडें वजन परत येणें हा नियम आहे, अपराध नव्हे.

कांहीं चिन्हें मात्र थांबण्याचीं नव्हेत. वारंवार उलटी होऊं लागली तर ‘ब१’ जीवनसत्त्व आटतें आणि थोड्या आठवड्यांत मज्जातंतूंना कायमची इजा पोंचूं शकते; चालतांना तोल जाणें, दुहेरी दिसणें, भ्रम होणें असें कांहीं दिसतांच त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ताप, पोटांत तीव्र वेदना व नाडीचा वेग यांनाही तोच नियम. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत बहुतेकांचे गळतात व प्रथिनें पुरीं असल्यास परत येतात. लोह, कॅल्शियम, ‘ड’ व ‘ब१२’ यांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचें अंतर हवें. शाकाहारी माणसाला ‘ब१२’ मुळांतच तुटपुंजें मिळतें, म्हणून तें चुकवूं नये. तरुण स्त्रियांनीं बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, आणि वजन उतरूं लागल्यावर गर्भ राहण्याचा संभव वाढतो हेंही घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं वेळींच सांगून ठेवावें.

वजन आठवड्यांतून एकदांच, ठराविक वारीं, सकाळीं, शौचमुखमार्जनानंतर व चहाच्या आधीं पाहावें. त्याखालीं कमरेचा घेर, दिवसाचीं प्रथिनें, किती पावलें चालणें झालें तें, आणि कोणती गोळी चुकली तें लिहावें. पहिल्या वर्षांत रक्ततपासणीच्या भेटी तीन-तीन महिन्यांच्या अंतरानें येतात. जालन्याकडची गाडी गांठण्यापूर्वीं ती वही पिशवींत पडली कीं नाहीं, तेवढें घरांतील कोणीतरी पाहावें.